बाबांचा पूर्वपक्ष

फार्मसीची पदवी घेऊन सात वर्षं बापाच्या औषधांच्या दुकानात उभी राहिलेली मुलगी एकाएकी तत्त्वज्ञान शिकायला गेली, की आमच्या बाकोस मोहल्ल्यातल्या लोकांना एकच शंका येते: हिचं लग्न मोडलं. माझं लग्नच झालेलं नव्हतं, त्यामुळे लोकांची पंचाईत झाली. ट्रामच्या थांब्यावर शेजारच्या उम्म हानीनं मला गाठलं आणि थेट विचारलं, "डॉक्टरा शाहिनाज, खरं सांग, डोक्याला काही लागलं का गं?"

आमच्याकडे फार्मासिस्टलाही डॉक्टरच म्हणतात. विद्यापीठात पहिल्याच दिवशी ही पदवी दाराबाहेर ठेवावी लागली. दुसऱ्या शाखांमधून आलेल्या आम्हा पदवीधरांसाठी एक पूर्वतयारीचं वर्ष असतं. ते पार केलं तरच पुढे प्रवेश, नाहीतर आल्या वाटेनं परत. डॉ. इस्मत आम्हाला शिकवायच्या. सत्तरीच्या, किरकोळ बांध्याच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी यादी न बघता विचारलं, "इथे इंजिनियर कोण? वकील कोण? ठीक आहे. आता विसरा."

विसरणं काही जमेना. मी प्रत्येक लेख डॉक्टरची चिठ्ठी वाचावी तसा वाचायचे. कुठलं औषध कुठल्या औषधाशी भांडतंय ते हुडकायचं, त्याखाली रेघ मारायची आणि मोकळं व्हायचं. वर्गात मी दणादण चुका दाखवायचे आणि स्वतःवर खूश असायचे.

डॉ. इस्मतनी एकदा हात वर करून मला थांबवलं. "तू खोडतेस ते कुणाचं म्हणणं आहे? लेखकाचं तर नाही. हे त्याच्या तोंडी तूच घातलंयस."

मग त्यांनी जुन्या शेखांची, म्हणजे धर्मपंडितांची, वादाची रीत सांगितली. आधी पूर्वपक्ष. ज्याला खोडायचं त्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानं स्वतः म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.' त्याचा हा 'हो' मिळेपर्यंत आपल्या तोंडाला कुलूप. वर्षाअखेरची तोंडी परीक्षाही अशीच. आपापला प्रश्न निवडायचा आणि विरोधकाचा पूर्वपक्ष मांडायचा.

मी प्रश्न निवडला: आईबापांनी आखून दिलेला रस्ता सोडायचा हक्क मुलाला आहे का?

"विरोधक कोण?" डॉ. इस्मतनी विचारलं.

"माझे बाबा."

"हयात आहेत?"

"ठणठणीत."

"मग ग्रंथालयात काय करतेस, पोरी? घरी जा. त्यांच्याकडून 'हो' आण."

सांगायला सोपं आहे. बाबांची नजर अधू झाली होती, बारीक अक्षर दिसत नव्हतं. त्यांच्या जागी मी उभी राहिले नाही, तर दुकान विकायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्या माणसाची शहरभर औषधांची दुकानं होती आणि तो बाबांच्या नावाची पाटी पहिल्या दिवशीच उतरवणार होता. सह्यांचा दिवस नेमका माझ्या परीक्षेचा निघाला. बाबा मला एवढंच म्हणाले होते, "त्याच्या आत काय ते सांग. एकदा सही झाली, की मला तुझं काही ऐकायचं नाही." दुकानाचं दुःख मी गिळलं असतं. पण हे शेवटचं वाक्य माझ्या छातीत रुतून बसलं होतं. मला परीक्षेपेक्षा बाबा हवे होते, आणि तत्त्वज्ञानही हवं होतं.

बाबांना ही रीत समजावून पहिला प्रयत्न शुक्रवारी जेवताना केला. "बाबा, तुमचं म्हणणं असं ना, की माझं इतकं शिक्षण पाण्यात गेलं?"

"नाही," म्हणत त्यांनी माशाचा काटा काढला. "शिक्षण कधी पाण्यात जातं का? तुझी आई असती तर असल्या प्रश्नाला चप्पल फेकून मारली असती."

दुसरा प्रयत्न चहावर केला. "लोक काय म्हणतील याची तुम्हाला काळजी वाटते, बरोबर?"

"लोक?" बाबा हसले. "अख्ख्या बाकोसला मूळव्याधीचं मलम मी देतो. त्यांना मी घाबरू?"

परीक्षा उद्यावर आली. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून बाबा दुकानात आले होते. अर्धी कपाटं खोक्यांत भरून झाली होती. मी गल्ल्याच्या बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाजूच्या स्टुलावर बसले. बाबा आत उभे होते. इतकी वर्षं मी आत असायचे, त्यामुळे तिकडून ते कसे दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. म्हातारे दिसत होते.

आणि मला आई गेली तेव्हाचं आठवलं. सांत्वनाचे तीन दिवस संपायच्या आत, दुसऱ्याच सकाळी बाबांनी शटर वर केलं होतं. घरात कुराण चाललेलं, बायका रडत होत्या, आणि हा माणूस खोकल्याचं औषध विकत होता. मी त्यांना ते कधीच माफ केलं नव्हतं. दुकानाचा तिटकारा मला तेव्हापासूनचा.

पण आज मला खोडायचं नव्हतं. मला फक्त मांडायचं होतं. राग बाजूला सारून बाबांच्या जागी उभं राहून पाहिलं, तेव्हा ती सकाळ वेगळी दिसायला लागली.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला दुकानाची पडलेली नाही."

त्यांनी मान वर केली.

"आई गेली त्या दुसऱ्या सकाळी तुम्हाला उठवत नव्हतं. पण शटरवर कुणीतरी टकटक केलं. कुणाचं तरी पोर तापलं असेल. म्हणून तुम्ही उठलात, शटर उघडलंत. रोज कुणीतरी येत राहिलं, म्हणून तुम्ही जगलात. तुम्हाला वाटतं, एक दिवस तुम्हीही जाल. मग मी एकटी राहीन, पुस्तकांत. आणि पुस्तकं सकाळी दार ठोठावत नाहीत. तुम्हाला मला दुकान द्यायचं नाही, बाबा. तुम्हाला मला ती टकटक द्यायचीय."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुसतच राहिले.

"गल्लीतल्या सुलेमानच्या मुलीला डांग्या खोकला झाला होता," शेवटी ते म्हणाले. "त्या सकाळी तोच आला होता." आणि मग हळूच, "हो. हेच. मलाही असं सांगता आलं नसतं."

मला 'हो' मिळाला होता. रीतीप्रमाणे आता माझं उत्तर यायला हवं होतं. पण माझे डोळे भरून आले आणि मी गल्ल्यावरच्या काचेकडे बघत बसले.

"उद्या मी सही करतो," बाबा म्हणाले. "तू परीक्षेला जा. पण आता माझी पाळी. ही तुमची रीत दोन्ही बाजूंना लागते ना? तुझं म्हणणं मी सांगतो. तुला या कामाचा कंटाळा आला."

"नाही, बाबा."

"माझा राग आला."

"होता. पण त्यासाठी नाही."

या काउंटरमागे बाबांनी उभा जन्म काढला होता. 'ठाऊक नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. औषध नसलं तरी ते काहीतरी सांगायचेच, निदान लिंबूपाणी.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "सांग."

मी सुरुवात केली. "करीमाबाई आठवतात? मुलगा गेल्यावर उरलेली औषधं परत करायला आल्या होत्या. पिशवी गल्ल्यावर ठेवून त्यांनी मला विचारलं, 'डॉक्टरा, आता मी सकाळी उठून काय करू?' आपल्याकडे इतकी कपाटं आहेत, बाबा, आणि मी सगळ्या कपाटांकडे बघत उभी राहिले..."

तेवढ्यात उम्म हानी दारातून आत आली. "डॉक्टर फिक्री, हाताला लावायचं ते क्रीम द्या बघू, पटकन. ट्राम येतेय माझी."

बायकोच्या सुतकातही बाबांनी गिऱ्हाइकाला तिष्ठत ठेवलं नव्हतं. आज त्यांनी उम्म हानीकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त हातानं दुसरं स्टूल दाखवलं.

"बस जरा," बाबा म्हणाले. "माझी मुलगी बोलतेय."