अर्ध्या नावाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे, सागवानाची. माझ्या अंगावर रंगाचे इतके थेंब वाळले आहेत की मूळ लाकूड शोधावं लागतं. छावणीतल्या अप्पाराव सुतारांनी मला फारूख पेंटरसाठी बनवलं. त्या काळी आपल्या शहरात कोणी दुकान काढलं, की आधी फारूख पेंटरला गाठायचं आणि मग मुहूर्त बघायचा.

फारूखभाई तेव्हा तरुण होते. ते मला सायकलला बांधून गुलमंडीपासून वेरूळच्या रस्त्यापर्यंत कुठंही नेत. भिंतीवर खडूच्या दोऱ्याने रेघ मारायची, अक्षरांचा अंदाज घ्यायचा आणि रंग भरायला लागायचं. मराठी, उर्दू, हिंदी, तिन्ही भाषांची अक्षरं त्यांच्या हातात होती. खाली उभे राहिलेले लोक म्हणत, "काय वळण आहे राव!" माझ्याकडे कोणी बघत नसे. त्याचं मला वाईट वाटलं नाही. शिडी नीट उभी असली, की तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मग फ्लेक्स आले. एका रात्रीत छापून मिळायला लागले, फोटोसकट. फारूखभाईंचं काम आधी कमी झालं, मग जवळजवळ थांबलं. ट्रकवर नंबर लिहायचे किंवा एखाद्या शाळेची भिंत रंगवायची, एवढंच उरलं. त्यांचा मुलगा मोईन वाळूजच्या कारखान्यात नोकरीला लागला होता, म्हणून घर चालत राहिलं. मला गच्चीवर नेऊन ठेवलं. तिथं मी बरीच वर्षं ऊन-पावसात उभी होते.

त्या वर्षांत मी काय पाहिलं, ते सांगते. फारूखभाईंनी गच्चीवर कबुतरं पाळली. सुरुवातीला त्यांच्या बायकोला, सगीराबींना, वाटलं की माणूस आता कामातून गेला. पण तसं झालं नाही. सकाळी ते कबुतरं उडवत आणि डोळ्यांवर हात धरून आभाळात बघत बसत. दुपारी घरी गरम जेवत, कारण आता ते दुपारी घरी असत. संध्याकाळी सगीराबी चहा घेऊन वर येत. दोघं फार बोलत नसत. ती वर्षं वाईट होती असं मला वाटलं नाही. फारूखभाईंना मात्र वाटत होतं. रस्त्यात एखादा फ्लेक्स दिसला, की ते मान दुसरीकडे वळवत.

अलीकडे वारं पुन्हा फिरलं. नवी हॉटेलं काढणाऱ्या तरुण मंडळींना हाताने लिहिलेल्या पाट्या आवडायला लागल्या. कोणीतरी फारूखभाईंच्या एका जुन्या पाटीचा फोटो मोबाइलवर टाकला आणि कामाची रीघ लागली. फारूखभाई सत्तरीला टेकले होते. त्यांनी मला गच्चीवरून खाली आणलं, पुसलं आणि कामाला जुंपलं. एकालाही नाही म्हटलं नाही. कबुतरांना दाणे टाकायचं काम सगीराबींकडे आलं. जेवण डब्यात गेलं, आणि पुष्कळदा डबा तसाच परत येऊ लागला. रात्री झोपेतही त्यांचा उजवा हात चालतो, असं सगीराबी मोईनला सांगत होत्या.

अशातच तनुजा आली. ती सोयगावच्या शेतकरी घरातली. शहरातली नोकरी सोडून तिने वेरूळच्या रस्त्यावर जेवणाचं हॉटेल काढलं होतं. नाव ठेवलं होतं 'माजघर'. समोरच्या उंच भिंतीवर दुरून दिसेल अशी मोठी अक्षरं तिला हवी होती. उद्घाटनाला अगदी थोडे दिवस उरले होते, आणि मे महिना होता.

फारूखभाई उन्हातच कामाला लागले. 'मा' झाला. 'ज' झाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला सरकवून 'घ'च्या जागेखाली लावलं. माझी वरून चौथी पायरी गच्चीवरच्या पावसाने आतून कुजली होती. बाहेरून दिसत नव्हतं. त्यांनी तिच्यावर पाय ठेवला आणि ती मोडली.

ते सरळ खाली आले नाहीत. खालच्या पायऱ्यांना धडकत, एका हाताने मला धरत घसरले. रंगाचा डबा फरशीवर फुटला. तनुजा धावत आली. त्याच वेळी सगीराबी डबा घेऊन रिक्षातून उतरत होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण गुडघा बघता बघता सुजला.

फारूखभाई भिंतीला टेकून बसले. थोडं पाणी प्यायले आणि उठायला लागले. "दोनच अक्षरं राहिली. दुसरी शिडी मागव बेटा."

तनुजा घाबरली होती, पण तिलाही दुसऱ्या दिवसाची काळजी होती. ती चाचरत म्हणाली, "चाचा, जमेल का? सगळे पाहुणे उद्या सोयगावहून येतायत. जमलं तर बरं होईल."

सगीराबी मध्ये उभ्या राहिल्या. "नाय जमनार. ते आज चढनार नाय आणि उद्या बी नाय."

"तू बीच में मत बोल," फारूखभाई म्हणाले. मग आवाज उतरला. "आज नाय म्हटलं, तर लोक परत फ्लेक्सवाल्याकडं जातील. इतकी वर्षं रिकामा बसलेला माणूस आहे मी. परत नाय बसायचं मला तसं."

"रिकामे?" सगीराबी म्हणाल्या. "कबुतरं होती. मोईनच्या पोरीला तुम्ही सायकल शिकवली. माझ्यासंगं बसून जेवत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मला कळलं, की तुम्हाला मेथी आवडत नाय. त्या दिवसांना तुम्ही रिकामे म्हनता?"

फारूखभाई पुन्हा भिंतीला टेकले. तनुजाने रिक्षा थांबवली. मला तिथंच भिंतीशी आडवं ठेवून ते गेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी उद्घाटनाला हजर होते. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माज'. पुढच्या खडूच्या रेघा खालून दिसत नव्हत्या.

तनुजाचे काका नानासाहेब गाडीतून उतरले. त्यांनी वर पाहिलं, मग पुतणीकडे पाहिलं. "व्हय गं तनुजा, एवढ्यातच आला का माज? आन् वर भिंतीवर लिहून बी ठेवला?"

तनुजा रडायच्या बेतात होती. पण मंडळी हसायला लागली आणि मग तिलाही हसू आवरेना. ये-जा करणारे गाड्या थांबवून भिंतीचे फोटो काढू लागले. फोटो काढायला थांबलेले बरेच जण जेवून गेले. संध्याकाळपर्यंत वांग्याची भाजी संपली होती.

फारूखभाईंना मात्र हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही पाटी अर्धी सोडली नव्हती. भेटायला गेलेल्या तनुजाला ते म्हणाले, "नाव बिघडलं माझं."

"नाव माझं बिघडलंय चाचा," ती म्हणाली, "आणि मला काही घाई नाही. गुडघा उतरू द्या."

गुडघा बरा झाला, तेव्हा तिने भिंतीला पक्की परांची बांधून घेतली. वर फळी, बसायला स्टूल आणि उन्हासाठी हिरवं कापड. फारूखभाईंनी एका सकाळी 'घ' रंगवला आणि ऊन चढायच्या आत खाली उतरले. हात थांबायला तयार नव्हता, हे मला खालून दिसत होतं. तरी ते उतरले. तनुजाने त्यांच्यापुढे ताट ठेवलं. 'र' कधी, हे तिने विचारलं नाही. त्या दिवशी दिवसभर भिंतीवर 'माजघ' वाचून लोक बुचकळ्यात पडले. 'र' दुसऱ्या सकाळी आला. फारूखभाईंनी आजवर काढलेल्या अक्षरांत तो मला सगळ्यात चांगला वाटला. अर्थात, मला अक्षरांतलं फार कळत नाही.

तेव्हापासून ते फक्त सकाळी काम करतात. काही गिऱ्हाइकं थांबतात, काही फ्लेक्स लावून मोकळी होतात. एखादं काम गेलं, की त्यांचा चेहरा अजूनही उतरतो आणि त्या दिवशी ते जेवताना गप्प असतात. सगीराबी त्यांना बोलतं करायला जात नाहीत. ताटात वाढत राहतात.

मलाही सुताराने मध्ये कापलं. कुजलेला वरचा तुकडा तो घेऊन गेला, त्याचं काय झालं मला ठाऊक नाही. माझ्यावरून आता फक्त दुकानाच्या दारापर्यंत हात पोचतो. तेवढ्या उंचीवरच्या पाट्याही शहरात पुष्कळ आहेत, असं दिसतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं म्हातारं माणूस शिवत असेल, गात असेल, माती मळत असेल किंवा लिहीत असेल. त्याला 'आता बस करा' म्हणू नका, ते त्याच्या मनाला लागतं. पण हातातलं काम ठेवून ते उठलं, की 'पुढचं कधी?' असं लगेच विचारूही नका. थोडं सरकून त्याला बसायला जागा करून द्या, आणि तुम्हीही बसा.