दूध अन् मासोळी

आमच्या इकडं धानाच्या बांधीत साप निघाला तरी माणूस एवढा दचकत नाही, जेवढा दूध अन् मासोळी एका ताटात पाहून दचकते. आंगावर कोड फुटते म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण म्हणणारे तोंड भरून म्हणतात. त्यात आमचं घर असं, की तिथं 'कोड' हा शब्दच कोणी काढायचा नाही, असा माझ्या सासूचा हुकूम.

कारण माझी नणंद, उर्वशी. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, पांढरा डाग आहे. दोन वर्षांपूर्वी टिकलीएवढा होता, आता लिंबाच्या फोडीएवढा झाला. भंडाऱ्याचा चामडीचा डॉक्टर म्हणे, हे खाण्यापिण्यानं होत नाही, एकाचं दुसऱ्याले लागत नाही, मलम लावत राहा. आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, मलम घेतलं अन् येता येताच शिंप्याकडं उर्वशीचे पूर्ण बाह्यांचे कपडे शिवाले टाकले.

मंग अड्याळचं स्थळ आलं. मुलगा चंद्रकुमार, नागपूरच्या एका हॉटेलात कुक. पोरगी पसंत पडली, दोघं फोनवर बोलू लागले, अन् उर्वशी अंगणात फिरत फिरत एकटीच हसू लागली. मी आत्याबाईले म्हटलं, "त्यायले सांगून टाका ना. लपवून लगन लावाल, अन् तिथं गेल्यावर पोरीनं काय करावं? जन्मभर बाह्या ओढत बसावं का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्याबाई म्हणे.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटाचं राहते का?"

"मोना, तू न् ते पोरगी, दोघींपैकी कोणी तोंड उघडलं तं माझं मेलेलं तोंड पाहाल."

अशी शपथच घातली तिनं. बसली मी गिळून. उर्वशीही बसली. पण त्या दिवसापासून तिचं अंगणातलं हसणं कमी झालं, अन् ते मले रोज दिसत होतं.

एप्रिलातल्या एका रविवारी चंद्रकुमार अन् त्याची आई कलाबाई आमच्या गावी, करडीले आले. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढाची होती, अन् मापाचा ब्लाउज न्याचा होता. साक्षगंधाची साडी अन् ब्लाउज मुलाकडचे आणतात ना, म्हणून. आत्याबाईनं पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घडी करून सकाळीच देवापाशी ठेवला होता.

गाडीतून चंद्रकुमार उतरला तं हातात थर्माकोलचा डबा. "धरणाचे झिंगे हायेत," म्हणे. "आज मी रांधतो. हॉटेलात लोक ज्याच्यासाठी लाइन लावतात, तो सॉस तुमाले खाऊ घालतो."

"अवो बाई, जवाई चुलीपाशी!" आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. "गाव काय म्हणन आम्हाले?"

"करू द्या, ईनबाई," कलाबाई हसली. "घरी कपबशी उचलत नाही. इथं तरी हात चालू दे."

माझा नवरा कैलाश तं खुशच झाला. त्याले झिंगे दिसले की बाकी जग दिसत नाही. मी म्हटलं चला, पुरुषमाणूस रांधतो तं पाहू तमाशा. तमाशा कोणाचा होणार होता ते मले काय माहीत!

चंद्रकुमारनं लोणी मागतलं, मैदा मागतला, लसूण, मिरे, दूध. फ्रीजमधली सगळी साय काढून घेतली. दूध कशाले, असं मनात आलं, पण मले वाटलं चहाले घेतलं असन. तो खाली बसून झिंगे सोलू लागला अन् उर्वशीले म्हणे, "तुम्ही गॅसपाशी या. लोणी पातळ झालं की लसूण टाका, मंग मैदा. कच्चा वास जाईपर्यंत भाजा, पण लाल होऊ देऊ नका. मंग थंड दूध, थोडं थोडं. हात थांबला की गुठळ्या होतात."

उर्वशी उभी राहिली. एप्रिलचा उकाडा, वरून गॅस, अन् तिच्या कुर्तीच्या बाह्या मनगटापर्यंत बटनं लावलेल्या. दूध पडलं तसा मैदा फसफसला, घट्ट झाला, पुन्हा दूध, पुन्हा घट्ट. खदखद करून एक थेंब उडाला अन् तिच्या बाहीवर पडला.

"बाह्या वर करा ना," चंद्रकुमार खालूनच म्हणे. "चटका बसन."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पुढं सरली, "दे इकडं, मी घोटते."

"नाही वहिनी, तिलेच करू द्या. तिचा हात बसला आता."

उर्वशी ओली बाही तशीच ठेवून घोटत राहिली. कपाळावरचा घाम नाकावर उतरत होता. दारात आत्याबाई येऊन उभी राहिली होती. त्या बाहीकडं पाहात होती.

तेवढ्यात कलाबाई पाणी प्याले आत आली. तिनं आधी उर्वशीकडं पाहिलं. "पोरी, एवढ्या गरमीत लांब बाह्या काहून घातल्या वो?"

"तिले ऊन सोसत नाही," आत्याबाई झटकन म्हणाली. घरात कुठलं ऊन आलं! मी मनात कपाळाले हात लावला.

कलाबाईनं मान हालवली, अन् मंग गॅसवरच्या गंजात डोकावली. "हे काय रे चंदू? दुधाचं हाय?"

"हाव. आता साय टाकाची, मिरे टाकाचे. तळलेला झिंगा याच्यात बुडवून खाचा."

"अरे देवा! दूध अन् मासोळी! कोड फुटते ना रे!"

उर्वशीचा हात थांबला. आत्याबाईनं दाराची चौकट धरली.

"हात थांबवू नका," चंद्रकुमार म्हणे. अन् आईले हसून म्हणे, "आई, हॉटेलात रोज खातात लोक. कोणालेच काही होत नाही."

"ते घरी गेल्यावर त्यायले काय होते, तू पाहाले जातं का?" कलाबाई काही मागं हटणारी बाई नव्हती. मंग ती आमच्याकडं वळली. "आमच्या गल्लीत डोमाच्या बायकोले झालं, ईनबाई. लगनाच्या दुसऱ्या वर्षी. गळ्यावर एवढा डाग. त्यानं माहेरी नेऊन सोडली ते सोडलीच. पोरगी बिचारी सोन्यासारखी होती."

मी चंद्रकुमारकडं पाहिलं. वाटलं, आता तरी काही बोलन. डोमा गधा होता म्हणन, नाही तं चांगलं केलं म्हणन, काही तं म्हणन! पण तो मान खाली घालून झिंग्याच्या पाठीतला काळा धागा ओढून काढत होता. त्याचं तोंडच दिसत नव्हतं. उर्वशीनंही त्याच्याचकडं पाहिलं होतं. मंग ती पुन्हा घोटू लागली, जोरजोरानं.

सॉस झाला. खोटं काहून बोलू, वास असा सुटला होता की बस. गॅस बंद केल्यावर त्यानं लिंबू पिळलं. "उकळताना पिळलं तं फाटते," म्हणे. झिंगे हळद-तिखट लावून कडक तळले, ताटं मांडली, अन् मधोमध काचेच्या वाटग्यात तो पांढरा सॉस, वरतून हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरलेला.

अन् कोणीच हात लावेना.

कलाबाई म्हणे, मी नुसते झिंगे खाईन. कैलाशसारखा खादाड माणूस, तोही वाटग्याकडं पाहे अन् आपल्या मायकडं पाहे. चंद्रकुमारनं वाटगा उचलून उर्वशीपुढं धरला. "तुम्हीच केला. तुम्ही तं खा."

आत्याबाईनं मधेच हात घातला. "ते नाही खाणार. तिले दूध पचत नाही. लहानपणापासून नाही पचत."

उर्वशी सकाळी माझ्यासमोर पेलाभर दूध प्याली होती. चंद्रकुमारचा चेहरा उतरला. वाटगा खाली ठेवून तो म्हणे, "असू द्या, जबरदस्ती नाही," अन् आपलंच बोट पुसत बसला. मले त्याची दया आली अन् आत्याबाईचा असा राग आला, असा राग आला, की ताट घेऊन उठावं वाटलं. पण शपथ! जीभ दाताखाली धरून बसली मी.

तेव्हा उर्वशीनं मनगटाचं बटन काढलं.

मले आधी समजलंच नाही. वाटलं गरमी होत असन. मंग तिनं बाही दुमडली, एक घडी, दोन घडी, कोपराच्या वर. झिंगा उचलला, सॉसमधी बुडवला, अन् सगळ्यायच्या देखत खाल्ला. सावकाश चावून खाल्ला. डाग तिथंच होता, ट्यूबलाइटच्या उजेडात, सगळ्यायच्या समोर.

"आई," ती कलाबाईले म्हणाली, "मले दोन वर्षांपासून हाय. मासोळीसंगं दूध मी आज पहिल्यांदा खाल्लं."

आत्याबाई रडू लागली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. कैलाश उठला, पुन्हा बसला. चंद्रकुमार त्या डागाकडं पाहात होता, अन् मी त्याच्याकडं. माझ्या हातातला घास वाळून गेला.

कलाबाई जागची सरकली. उर्वशीचा हात धरून तिनं आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं डाग दाबून पाहिला, जसं आपण भाजलेली भाकर पाहतो.

"दुखते?"

"नाही."

"दवाखाना?"

"चालू हाय."

मंग कलाबाई आत्याबाईले म्हणाली, "मले सांगाचं नव्हतं का, ईनबाई?"

आत्याबाईनं पदर काढला. "सांगतलं असतं तं आल्या असत्या का?"

कलाबाईनं उर्वशीचा हात सोडला नव्हता.

"नसती आली," ती म्हणाली. "खरं सांगते. नसती आली."

संपलं, मी मनात म्हटलं. आता उठतील, चपला घालतील. तेवढ्यात चंद्रकुमार उर्वशीले म्हणे, "मीठ बराबर हाय?"

या माणसाले काय म्हणावं! पण उर्वशीनं त्याच्याकडं पाहिलं, डोळे पुसले, अन् म्हणाली, "लिंबू कमी हाय."

तो उठला, आत जाऊन अर्धं लिंबू घेऊन आला, वाटग्यात पिळलं. मंग आपला झिंगा बुडवून खाल्ला. "हाव," म्हणे, "कमीच होतं." अन् वाटगा आईपुढं ठेवला.

कलाबाईनं त्या सॉसकडं पाहिलं. ती घाबरली होती, खरंच घाबरली होती. मंग तिनं बोटाचं टोक बुडवलं, डोळे गच्च मिटले, अन् कडू काढा घ्यावा तसं चाटून टाकलं. डोळे उघडले. अन् बोट एकदा आणखी बुडवलं.

तारखेचं नाव मंग कोणीच काढलं नाही, न तिनं, न आम्ही. जेवणं झाली, ताटं उचलली. आत्याबाई कोपऱ्यात भिंतीले टेकून बसली होती, दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी. गाडीपाशी गेल्यावर कलाबाई थांबली, वळली, अन् मले हाक मारली.

"मोना, मापाचा ब्लाउज राहिला ना."

मी धावत गेली. देवापाशी घडी करून ठेवलेला तो ब्लाउज आणला. कलाबाईनं तो उलगडला, लांब बाह्या हातभर लोंबल्या. तिनं घडी केली अन् माझ्या हातात परत दिला.

"हा नाही," म्हणाली. "अर्ध्या बाह्याचा असन तं आण."

तसला एकच होता, दोन वर्षांपूर्वीचा, पेटीच्या तळाशी. मी घरात येऊन काही बोलाच्या आधीच आत्याबाई उठून पेटीकडं गेली.