गाडीची गोळी

"दिवस गेलेत. कुठलं औषध चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आमच्या सूनबाईंनी मान हलवली. नाही म्हणून.

मी शेजारी बसलेलो. उभा जन्म ट्रक हाकला मी, सून बसवर कंडक्टर. आमच्या घरात गाडीची गोळी म्हणजे औषध नव्हेच. गाडी लागून गरगरलं की टाकायची तोंडात, झालं.

म्हटलं, "बाई, ती गाडीची गोळी खाते. रोज."

मग सून जमिनीकडं बघत हळूच बोलली. आणखी एक गोळी चालू होती, पाळणा लांबवायची. सासऱ्यासमोर हे बोलायचं म्हणजे तिचे कान लाल झाले, मीही भिंतीवरच्या चित्रातल्या बाळाकडं बघत बसलो. त्या गोळीनं मळमळायचं, उलट्या व्हायच्या, म्हणून वर ही गाडीची.

बाई म्हणाल्या, उलटीतून पहिली गोळी पडून गेली असेल, म्हणून दिवस राहिले. त्या गोळीनं पोटातल्याला सहसा काही होत नाही, पण आता ती बंद. चक्करच्या गोळ्या मात्र सगळ्या सारख्या नसतात. काही चालतात, काहींचं नीट कुणालाच ठाऊक नाही. ह्या गाडीच्या गोळीचं नाव काय?

सुनेनं पिशवीतनं पट्टी काढली. दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेला तुकडा. नाव दुकानातच राहिलेलं, आमच्याकडं नुसती चांदी.

मागच्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं. मला घाम फुटला. उतारावर ब्रेक गेले तेव्हाही इतका फुटला नव्हता.

तसेच दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, नावाचा तुकडा कधीच खपला. त्यानं तीन-चार जातीच्या पट्ट्या पुढं मांडल्या. दाणा सगळ्यांचा पांढरा. सून एकेक उलटून बघत राहिली, शेवटी म्हणाली, ओळखू येत नाही, चला आबा.

परत बाईंकडं. सुनेनं विचारलं, "बाळाला काही झालं असेल का?"

"बहुतेक नाही. पण नाव कळल्याशिवाय मी शब्द देणार नाही. मला विचारल्याशिवाय आता काहीही घ्यायचं नाही. पुढं तपासणीत बघू."

खोटा धीर दिला नाही बाईंनी. दिला असता तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं.

घरी जाताना बस घाटाला लागली. सून पांढरीफटक. डोळे मिटून म्हणाली, "आबा, वळण यायच्या आधी सांगाल?"

"उजवं येतंय."

तिनं पोटावर हात घट्ट धरला.

"आता डावं. मोठं आहे, धर."

"सरळ कधी लागेल?"

मी पुढं रस्त्याकडं बघितलं.

"उजवं येतंय, पोरी," म्हणालो.