दुसऱ्या टिंगला पूर्ण डावीकडे

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकच गाडी होती. ती विजेवर चालायची, आणि खरं सांगायचं तर शिकवायचं कामही तीच करायची; मास्तर शेजारी बसून तिचं म्हणणं समजावून सांगत. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उलटी गाडी घालणं हा परीक्षेतला भल्याभल्यांचा घाम काढणारा भाग. मास्तरांनी त्याचं सार काढून ठेवलं होतं. मागचा सेन्सर पहिल्यांदा टिंग करेल तेव्हा काही करायचं नाही. दुसऱ्या टिंगला स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. टिंगटिंग एकमेकांना चिकटून लांब सूर लागला की पूर्ण उजवीकडे, आणि थांबायचं. आरसे होते, पण केस सारखे करायला. या पद्धतीनं पाच वर्षांत शंभरावर माणसं पास झाली होती. पुढे ती आपापल्या गाड्या कशा लावतात, याची चौकशी मास्तरांनी कधी केली नव्हती.

त्या शुक्रवारी अकरा वाजता ताईची परीक्षा होती. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, वय छप्पन्न, घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करणारी नर्स. सव्वीस वर्षं ती बसनं फिरली. आता दवाखान्यानं ठरवलं होतं की फेरीवरच्या नर्सना गाडी द्यायची, आणि ज्यांच्याकडे सोमवारपर्यंत लायसन्स नसेल त्यांना तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवायचं. ताई याआधी दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा दुसऱ्यांच्या स्कूलमधून. तिसऱ्या खेपेला ती नाइलाजानं भावाकडे आली होती.

सकाळी आठला मास्तर गाडी पुसत होते. परीक्षेच्या दिवशी गाडी आतून-बाहेरून लख्ख करायची ही त्यांची शिस्त. परीक्षक आधी गाडी बघतो आणि मग माणूस, असं त्यांचं ठाम मत होतं. स्क्रीनवर एकोणीस दिवसांपासून एक चौकट येत होती: नवीन अपडेट तयार आहे, आत्ता की नंतर? मास्तर रोज इमानेइतबारे 'नंतर' दाबत. त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्यानं स्क्रीन पुसली, आणि फडक्यानं 'आत्ता' दाबलं.

गाडी चाळीस मिनिटं डोळे मिटून पडली. जागी झाली तेव्हा स्क्रीनवर दोन वाक्यं होती. 'चालक-सहाय्य आता अधिक नैसर्गिक झाले आहे. इतर किरकोळ सुधारणा.'

मास्तरांनी ती दोनदा वाचली. मागच्या वेळच्या किरकोळ सुधारणेनंतर गाडी एका बसथांब्यावरच्या जाहिरातीतल्या बाईसाठी कचकन ब्रेक मारायला लागली होती. ती जाहिरात बदलेपर्यंत दोन महिने मास्तरांनी विद्यार्थी लांबच्या रस्त्यानं नेले होते.

नऊला ताई आली. दोघं मार्केटच्या मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेले. तिथं मास्तरांनी फुटपाथच्या कडेला प्लास्टिकचे दोन निळे पिंप ठेवून त्यांच्यात परीक्षेएवढी जागा आखली होती.

"चल, रोजच्यासारखं," मास्तर म्हणाले. अपडेटचा विषय त्यांनी काढला नाही. परीक्षेआधी माणसाला घाबरवू नये.

ताईनं गाडी मागं घेतली. टिंग. टिंग. तिनं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. पिंप अजून हाताच्या अंतरावरही आला नव्हता. मागचं चाक फुटपाथवर चढलं आणि गाडी तिरकी उभी राहिली.

"दुसरंच होतं ना रे?"

"दुसरंच होतं."

"मग?"

"पुन्हा घे."

पुन्हा घेतल्यावर दुसरं टिंग आणखी लवकर वाजलं. तिसऱ्या वेळी तर गाडी हलायच्या आधीच वाजलं. आता मास्तरांना सांगणं भाग पडलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. जखम चिघळल्यावर घरच्यांची कारणं ती अशीच ऐकत असे.

"म्हणजे तू परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडीचं डोकं बदललंस."

"मी नाही, फडक्यानं."

"फडकं कुणाच्या हातात होतं, बारक्या?"

बारक्या हे बावन्न वर्षांच्या, नव्वद किलोच्या मास्तरांचं घरातलं नाव. ते ऐकून त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"जुना आवाज तणाव वाढवतो असं ग्राहकांचं म्हणणं होतं, सर. म्हणून आता आवाज चालकाच्या आत्मविश्वासाप्रमाणे बदलतो. चालक घाबरलेला वाटला, स्टिअरिंगवर हात घट्ट असला, की गाडी आधीच सावध करते."

"आणि लवकर वाजल्यामुळे चालक आणखी घाबरला तर?"

"तर गाडी आणखी लवकर सावध करेल, सर."

"मला जुनंच पाहिजे."

"जुन्याकडे परत जाता येत नाही, सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

मास्तरांनी फोन ठेवला. साडेनऊ झाले होते.

"आवाज बंद होतो का?" ताईनं विचारलं.

"होतो की. पण मग लावायची कशी?"

"लोक लावत असतील कशीतरी. तू लावून दाखव."

मास्तर रुबाबात स्टिअरिंगवर बसले. आवाज बंद केला, गाडी मागं घेतली आणि सवयीनं दुसऱ्या टिंगची वाट बघत राहिले. निळा पिंप आडवा झाला आणि गडगडत मार्केटच्या दाराकडे गेला.

ताईनं पिंप परत आणून उभा केला.  

मग तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून मागचं चाक नेमकं कुठं आहे ते पाहिलं, बंपर त्याच्या किती मागं येतो ते वितीनं मोजलं. मास्तरांना तिनं पिंपाजवळ उभं केलं आणि स्वतः सीटवर बसून आरसे फिरवले. खिडकीतून तिचा आवाज येत होता.

"जरा डावीकडे सरक. पोट आत घे, पिंप दिसत नाहीये."

"पोट आतच आहे."

"बरं. आता आरशात मागच्या काचेच्या कडेला तू अर्धा दिसतोस. इथं वळवायचं. हे लक्षात राहील."

पहिल्यांदा चाक फुटपाथला घासलं. दुसऱ्यांदा गाडी रस्त्यात निम्मी बाहेर राहिली. तिसऱ्यांदा बरी बसली, चौथ्यांदा पुन्हा घासली. पाचव्यांदा ती अशी सरळ बसली की मास्तरांनी खाली उतरून दोन्ही बाजूंनी बघितलं. पाचात एकदा. परीक्षेत संधी एकच असते.

अकराला परीक्षकबाई आल्या. हातात पाटी, पाटीवर कागद, पाटीलाच पेन दोरीनं बांधलेलं. नियमाप्रमाणे मास्तर मागच्या सीटवर. तोंडातून एक अक्षर निघालं तर परीक्षा रद्द.

बाईंनी गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला लावली. तसा नियम होता. आणि गाडी नव्यानं सुरू झाली की बंद केलेला आवाज आपोआप चालू होतो, ही किरकोळ सुधारणाच असावी. स्क्रीनवरची छोटी घंटा पुन्हा हिरवी झालेली मास्तरांना मागून दिसली. ताईला ती दिसली की नाही, कळायला मार्ग नव्हता. मास्तरांनी स्वतःचे ओठ दाताखाली धरले.

रस्त्यावरचा भाग ठीक झाला. मग बाईंनी पेनानं दोन उभ्या गाड्यांच्या मधली जागा दाखवली.

ताईनं गाडी मागं घेतली. टिंग. लगेच टिंग. मागच्या सीटवर मास्तरांचे दोन्ही हात आपोआप डावीकडे फिरले. ताईचे फिरले नाहीत. टिंगटिंग वाढत गेलं, मग सगळं चिकटून लांब सूर लागला. गाडीचं मत स्पष्ट होतं की आता सगळं संपलंय.

"गाडी का ओरडतेय?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"मी घाबरलेय असं तिला वाटतंय," ताई आरशावरची नजर न काढता म्हणाली.

"घाबरला आहात?"

"हो. पण अजून दोन हात जागा आहे."

तिनं आणखी मागं घेतलं. मास्तरांनी डोळे मिटले. मग स्टिअरिंग फिरल्याचं जाणवलं, गाडी आत वळली, परत उलटी वळली आणि थांबली. लांब सूर अजून चालूच होता. परीक्षकबाई उतरल्या, टेप काढून फुटपाथपासूनचं अंतर मोजलं. तीस सेंटिमीटर चालतात. बाई वाकून आकडा बराच वेळ बघत होत्या.

"एकोणतीस," त्या आत येऊन म्हणाल्या, आणि लिहू लागल्या. "धोक्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष, एक चूक. वळताना इंडिकेटर उशिरा, दुसरी. आणि तीन बारीकसारीक. एकूण पाच." पाटीवरचा कागद फाडून त्यांनी ताईला दिला. "सहाला नापास करतो आम्ही. आरसा मात्र छान बघता. कुठल्या स्कूलच्या?"

"ह्याच्या," ताईनं मागं अंगठा दाखवला.

परीक्षकबाईंनी वळून मास्तरांकडे पाहिलं. बोलायची परवानगी अजून मिळाली नसल्यामुळे मास्तरांनी फक्त मान हलवली.

बाई गेल्यावर ताईनं तिथूनच दवाखान्यात फोन केला. इन्चार्जशी बोलणं थोडक्यात झालं. सोमवारपासून तिची फेरी तिच्याकडेच, गाडी आठला मिळेल, पहिला पत्ता नेहमीचा. फोन पर्समध्ये ठेवून ती स्टिअरिंगकडे बघत बसली.

"बारक्या, माझे अकरा पेशंट आहेत. त्यांच्या दारात गाडी लावायला जागा असते का रे?"

"मला काय माहीत?"

"सव्वीस वर्षं जातेय, पण मी कधी बघितलंच नाही. पुढे ये बसायला."

"बाराला माझी विद्यार्थिनी आहे."

"तिला सांग उशीर होतोय." ताईनं आरसा सारखा केला. "नाहीतरी तू तिला काय शिकवणार आहेस आज?"

मास्तरांनी विद्यार्थिनीला तसा निरोप पाठवला. ते पुढे येऊन बसले.

पहिल्या घरासमोर दोन गाड्यांच्या मध्ये जेमतेम जागा होती. ताईला ती तीन प्रयत्नांत जमली. गाडी सगळा वेळ ओरडत होती, आणि त्या आवाजानं दार उघडून एक आजोबा उंबऱ्यात आले. पायाला बँडेज, हातात काठी.

"सिस्टर, तुम्ही आज कशा? आपलं तर सोमवारी आहे ना?"

"ड्रेसिंगला नाही आले, आजोबा," ताई खिडकीतून म्हणाली. "तुम्ही आत जा. मला अजून एकदा बाहेर काढून आत घालायचीय."