सरजाबाईच्या ऑपरेशनची तारीख

अश्वजितने डॉक्टरच्या मुस्काटात पहिली ठेवून दिली तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं. अश्वजित माझा धाकटा भाऊ. लातूरला डाळ मिलमध्ये पोती उचलतो, तेव्हा हात कसा असेल ते समजून घ्या. डॉक्टर पंचाक्षरी म्हणजे पंचविशीतलं पोरगं. गिरकी खाऊन भिंतीवर आदळलं, आणि त्याचा चष्मा सरकत सरकत आईच्या स्ट्रेचरखाली गेला.

आई, सरजाबाई, त्या स्ट्रेचरवर हिरवा झगा घालून सकाळपासून पडून होती. नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर. तिचं अंग बाहेर येतं. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी स्पष्टच सांगते: गर्भाशय खाली घसरून बाहेर येतं. खोकली तरी येतं, घागर उचलली तरी येतं. ती ते हाताने आत सारते, जुन्या लुगड्याची घडी लावते आणि परत खुरपायला बसते. तीन वर्षं झाली. त्यातलं दीड वर्ष आम्ही नुसत्या तारखा घेत होतो. मुखेडहून एसटीने यायचं, रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि दुपारी कुणीतरी येऊन सांगायचं, आज नाही होणार. कधी अडलेली बाळंतीण यायची, कधी अपघात. त्यांचा जीव जात असतो, कबूल. पण आमच्या आईचा जीव जात नाही म्हणून तिने किती थांबायचं, ते एकाही शहाण्याने सांगितलं नाही.

ही चौथी खेप. यादीत पहिलं नाव तिचं होतं. तरी एक बाळंतीण आत गेली, मग दुसरी. दुपार कलली तेव्हा पंचाक्षरी बाहेर आला आणि म्हणाला, "मावशीला वॉर्डात न्या. पुढची तारीख..." तेवढ्यावरच ती पहिली पडली.

"तारीख? अजून तारीखच दिऊन राहिला? तुझ्या मायला असं ठिवशील का रं?" म्हणत अश्वजितने दुसरी ठेवून दिली. पोराच्या नाकातून रक्ताची धार लागली.

मग व्हरांडाच पेटला. तिथे बसलेल्या प्रत्येकाची कसली ना कसली तारीख पुढे गेलेली होती. राग पिकून तयारच होता, नुसतं कुणीतरी हात घालायची खोटी. "हाणा त्याला!" कुणीतरी ओरडलं. एकाने दाराची काच लाथेने फोडली. वॉर्डातले शिपाईमामा सोडवायला आले, त्यांनाही बडवलं. सिस्टर टेबलाखाली शिरली. पंचाक्षरी डोकं हातात धरून फरशीवर मुटकुळं करून पडला होता आणि चौघंजण त्याला लाथा घालत होते. मीही ओरडत होते, पण थांबा म्हणून नाही.

तेवढ्यात अश्वजितने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. मला वाटलं, हा आता खून पाडतो.

आई स्ट्रेचरवरून उतरली. एक हात मांड्यांच्या मध्ये दाबलेला, दुसरा वर केलेला, तशी ती गर्दीत घुसली आणि त्या पोराच्या अंगावर पडली. "आरं, मरंल त्यो!" ती ओरडली. स्टँड खाली येतच होता. तो आईच्या डोक्यात बसला. नारळ फोडल्यासारखा आवाज आला, आणि हिरवा झगा खांद्यापासून काळा पडत गेला.

"माय," अश्वजित एवढंच म्हणाला. स्टँड टाकला आणि जिन्याने पळाला. बाकीचे वाघही शेपूट घालून त्याच्या मागे पळाले.

आणि मग काय सांगू, दीड वर्ष आमच्यासाठी न उघडलेलं दार पाच मिनिटांत उघडलं. डोकं फुटलं की माणूस तातडीचं होतं. हाताखाली कुणी नव्हतं म्हणून मलाही आत घेतलं, आईचं डोकं धरायला. टाके पंचाक्षरीनेच घातले. नाकात कापसाचे बोळे, एक डोळा सुजून मिटलेला. सुई चालू असतानाच आई म्हणाली, "बाबा, आत आलेच हाय मी. आता खालचंबी करून टाक की."

त्याचा हात थांबला. "नाही होणार, मावशी," तो म्हणाला. "ह्या मारहाणीवरून सगळे डॉक्टर आत्ताच संपावर गेलेत. तातडीचं तेवढं करायचं. मारणारा सापडेपर्यंत ठरलेली ऑपरेशनं बंद."

आईला वॉर्डात आणलं तेव्हा तारखेवर आलेल्या बाया पिशव्या भरून घरी निघाल्या होत्या.

हवालदार यायच्या आधी मी तिला पढवलं. पडले म्हण. कोण होतं दिसलं न्हाई म्हण. ती डोळे मिटून ऐकत होती. हवालदार म्हातारा होता, त्यानेच वाट करून दिली. "मावशी, गर्दीत कुणी मारलं ते दिसलं नसंल तुमाला."

"दिसलं की," आई म्हणाली. "माझ्या पोरानं मारलं. अश्वजित केरबा सोनकांबळे."

"आये, गप!"

"तू गप. सायब, त्याला धरलं तर हे डॉक्टर कामाला येतेत का?"

"येतील. पण मावशी, पोटचा पोरगा हाय. आत जाईल."

"हाव, पोटचाच हाय. आडवा होता. दोन दिस अडले मी. पाचव्या दिशी ह्याच्या बापानं मला गिट्टी फोडायला धाडलं. तवापासून हे अंग ढिलं हाय. लई सोसलं ह्याच्यापायी. आता थोडं त्यानं सोसावं." तिने श्वास घेतला. "औशाला गेला असंल. केवळाबाईकडं, माझ्या बहिणीकडं. दुसरं कोण हाय त्याला?"

"औशात कुठं?"

आईला गल्ली आठवेना. तिने पट्टी बांधलेलं डोकं माझ्याकडे वळवलं. "लुंबिने, सांग की."

मला तिचा राग आला. अश्वजितचा आला, त्या पंचाक्षरीचाही आला. पण तीन वर्षं तिची ती लुगड्याची घडी मीच धुतली होती.

"विहाराच्या मागची गल्ली," मी म्हणाले. "हापशासमोरचं घर."

हवालदाराने खात्री करायला परत विचारलं. मी परत सांगितलं.