माझी दुसरी मूठ

मी एक जुनी करवत आहे. झाडांचे जाड ओंडके आडवे कापायची, दोन माणसांनी दोन टोकांना धरायची लांबलचक करवत. मला दोन मुठी होत्या, आता एकच उरली आहे. दुसरी कोणी नेली ते मला ठाऊक आहे, कारण माझ्यासमोरच नेली. पण का नेली, ते काही केल्या उमगत नाही. मित्रांनो, तुम्ही शाळेत जाता, चार पुस्तके वाचता. तुम्हाला कदाचित उमगेल, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

एका म्हाताऱ्या लोहाराने मला घडवले. पोलादाची पट्टी तापवली, ठोकली, तिला पाणी दिले आणि मग कानशीने घासून घासून एकेक दात पाडला. दात पाडून झाल्यावर त्याने एक दात किंचित डावीकडे वाकवला, पुढचा किंचित उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मला वाटले, म्हातारबुवांची नजर गेली! तसे नव्हते. सगळे दात एका रेषेत असते तर लाकडात माझ्याच जाडीची फट पडली असती आणि मी तिथेच रुतून बसले असते. लोक म्हणतात, खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माझ्याकडे बाई एकच जोड आहे. जे दाखवते, त्यानेच खाते.

शेवटी लोहाराने माझ्या दोन्ही टोकांना भोके पाडून लाकडी मुठी बसवल्या. या मुठी फिरवल्या की निघत आणि फिरवल्या की पुन्हा बसत. ओंडक्यात मी अडकले तर एका बाजूची मूठ काढायची आणि दुसऱ्या बाजूने मला ओढून घ्यायचे, अशी ती सोय होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला एका सुताराने विकत घेतले. त्याच्या कारखान्यात माणसे तीनच. तो स्वतः, पॉलिशचे काम करणारी त्याची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. भाऊ सुताराला दाजी म्हणायचा, म्हणून मीही दाजीच म्हणते. बायको म्हणजे ताई. भाऊ इतका उंच की दारातून वाकून यायचा आणि तरीही आठवड्यातून एकदा कपाळमोक्ष करून घ्यायचा. त्याला सगळे लंबू म्हणत.

ताई आणि लंबू मूळचे नदीपलीकडचे. आईवडील गेल्यावर ताईने लहानग्या लंबूला कडेवर घेऊन नदी ओलांडली होती. पुढे लग्न ठरताना तिने दाजींना सांगितले की मी एकटी यायची नाही, हाही बरोबर येणार. त्यावर दाजी म्हणाले होते, बरंच झालं, करवतीला दुसरा माणूस हवाच होता. ही गोष्ट ताई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे आणि दाजी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे लाजत.

लंबूच्या हातात माझी मूठ दिली तेव्हा दाजींनी त्याला एकच नियम शिकवला. ओढायचं, ढकलायचं कधीच नाही. आपली पाळी आली की ओढायचे. समोरच्याची पाळी आली की मूठ सोडायची नाही, पण हात सैल ठेवायचा आणि करवतीला जाऊ द्यायचे. ढकलले की माझे पाते वाकते, मग कापणी वाकडी जाते आणि माझी कंबर मोडते ती वेगळीच. लंबू लवकर शिकला. दोघे समोरासमोर बसले की बोलायची गरज पडत नसे. दाजींना दम लागला की लंबूला माझ्यातूनच कळे आणि तो आपसूक हळू होई.

आम्ही तिघांनी पुलाचे खांब कापले, शाळेच्या तुळया कापल्या. लोक माझे दात बघून तोंडात बोट घालत. मग कारखान्यात विजेची करवत आली. ती नुसती ओरडायची, पण काम झटपट करायची. मी खुंटीवर गेले आणि माझ्या दातांत कोळ्याने बिऱ्हाड थाटले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? तरी विजेच्या करवतीच्या तोंडात न मावणारा ओंडका आला की दाजी मान वर करून माझ्याकडे बघत आणि मला खाली काढत.

मग निवडणूक आली.

निवडणूक म्हणजे काय ते मला नीट माहीत नाही. मला एवढेच दिसले की कारखान्यातला रेडिओ पूर्वी गाणी म्हणायचा, तो आता भांडायला लागला. एका बाजूचे लोक म्हणत होते की आम्ही आलो तर बंद पडलेली लाकडाची वखार पुन्हा सुरू करू, कारागिरांना काम देऊ. तेच लोक असेही म्हणत की नदीपलीकडून आलेल्यांना परत पलीकडे धाडू. दाजींनी वखारीचे ऐकले. लंबूने नदीचे ऐकले. रेडिओ एकच होता, कान मात्र वेगळे.

दाजी म्हणत, ते बोलायचं म्हणून बोलतात, कोण कोणाला धाडतंय! लंबू म्हणे, तुम्हाला कोणी धाडणार नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं. ताई पॉलिशचा बोळा फिरवत राही. तिने कोणाला मत दिले, ते तिने आजवर कोणाला सांगितलेले नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्याच्या लांब बाकासाठी एक जाडजूड ओंडका कापत होतो. मी अर्ध्याच्या वर आत गेले होते. रेडिओ चालूच होता. कधी हे पुढे, कधी ते पुढे, असे सकाळपासून चालले होते. आणि अचानक निकाल लागला. दाजींची बाजू जिंकली, तीही अगदी थोडक्यात.

दाजींनी आनंदाने दोन्ही हात वर केले. मित्रांनो, इतक्या वर्षांत जे कधी घडले नव्हते ते त्या क्षणी घडले. त्यांनी माझी मूठ सोडली. नेमकी तेव्हा ओढायची पाळी लंबूची होती. मी भसकन त्याच्याकडे गेले आणि तो उंच माणूस मागच्या मागे भुशाच्या ढिगात पडला. दाजी हसत होते. ते निकालामुळे हसत होते, मला ठाऊक आहे, कारण त्यांचे डोळे रेडिओकडे होते. पण भुशात पडलेल्या माणसाला ते कसे कळावे? लंबू उठला, पँटचा भुसा झटकला आणि दारातून वाकून निघून गेला. त्या दिवशी त्याचे डोके आपटले नाही.

मी तशीच ओंडक्यात राहिले. कापलेल्या फटीत ठोकलेली पाचर निसटली, ओंडका खचला आणि त्याने मला दोन्ही बाजूंनी आवळले. हलता येईना.

दाजींनी समोरची मूठ काढून एकट्याने मला ओढून पाहिले, मी थरथरले आणि तिथेच थांबले. मग मूठ परत बसवून त्यांनी ताईला समोर बसवले. ताईने बिचारीने मन लावून ढकलले. माझे पाते धनुष्यासारखे वाकले. तिने मूठ सोडली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "हे तुम्हा दोघांचं काम आहे. मला यात बसवू नका."

मी आत अडकून विचार करत होते. माझ्या लेखी बाजू दोनच, एक दाजींची आणि एक लंबूची. दोन बाजू असल्या म्हणजे काम होते, एवढेच मी जन्मभर शिकले होते. दोन बाजू असल्यामुळे काम थांबते, हे मला नवीन होते. माझे काही चुकत होते का? मला खरेच कळेना.

काही दिवसांनी लंबू आला, पण कामाला नाही, हत्यारे न्यायला. दुसऱ्या शहरात फर्निचरच्या कारखान्यात त्याला काम मिळाले होते. इथून नदी जवळ आहे, तिथून लांब आहे, एवढेच कारण त्याने ताईला सांगितले. ताईने त्याला जाऊ नको म्हणून विनवले. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि पटाशा फडक्यात गुंडाळत राहिला.

रंधे वाटून झाले, हातोडे वाटून झाले. उरले मी.

"करवत तुमचीच," लंबू म्हणाला. "तुम्ही घेतली होती."

"मी एकटा काय करू तिचं? तू ने."

"मीही एकटाच आहे, दाजी."

ताई म्हणाली, "आधी तिला बाहेर तरी काढा. मग कोणाची ते ठरवा."

दोघे आपापल्या जागी बसले. दाजींनी नवी पाचर ठोकली, फट जरा उघडली आणि त्यांनी मला हलवायला सुरुवात केली. पण ते दोघे मला ओढत नव्हते, ढकलत होते. मी मध्येच वाकून अडले.

"ढकलतोयस तू," दाजी म्हणाले.

"तुम्ही सोडत नाही."

दाजी थांबले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तुला हसलो नव्हतो रे."

"ते मला नंतर कळलं. पण ताईही पलीकडचीच आहे, दाजी. उद्या तिला न्यायला आले तर काय म्हणणार तुम्ही, की बोलायचं म्हणून बोलले होते?"

दाजींनी ताईकडे पाहिले. ती पॉलिशच्या डब्याचे झाकण लावत होती आणि ते काही केल्या लागत नव्हते. मला एवढेच जाणवले की दाजींचा हात सैल झाला. मूठ त्यांनी धरलेलीच होती, पण हात सैल होता. लंबूने मला ओढले, मी गेले. मग लंबूचा हात सैल झाला आणि दाजींनी ओढले. भुसा पुन्हा पूर्वीसारखा एकसारखा पडू लागला. मला वाटले, झाले, संपले भांडण!

ओंडका दोन तुकडे होऊन खाली बसला. मी मोकळी झाले. आता मूठ काढायची काहीच गरज नव्हती. तरीही लंबूने आपल्या बाजूची मूठ फिरवून काढली, हाताने पुसली आणि पिशवीत कपड्यांच्या वर ठेवली. ताईच्या पाया पडला. दाजींच्या पाया पडायला वाकला, तर दाजींनी त्याला मध्येच धरले आणि बराच वेळ सोडले नाही. मग तो गेला.

तेव्हापासून घरात एकच वाद आहे. दाजी म्हणतात, तिथं दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नाही म्हणून नेली त्याने. ताई म्हणते, नुसती मूठ जगात कुठे कामाला येत नाही. करवत असेल तिथंच तिला यावं लागतं.

मला दोघांचेही पटते, म्हणून माझा गोंधळ वाढतो. तो माझ्यावर रागावला असेल, तर मूठ कपड्यांच्या वर का ठेवली? आणि येणार असेल, तर नेली कशाला? लंबूचा फोन येतो तेव्हा ताई बोलते आणि दाजी शेजारी उभे राहून, जेवतो का वेळेवर विचार, असे हळूच सांगतात. स्वतः फोन घेत नाहीत. वखार अजून उघडलेली नाही. पलीकडेही अजून कोणाला धाडलेले नाही. पुढे काय होणार, ते रेडिओलाही माहीत नसावे. पण नदीची बातमी लागली की दाजी आता आवाज कमी करतात आणि ताई कुठे आहे ते बघतात.

दाजी सुतार आहेत. नवी मूठ करणे म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. एकदा त्यांनी त्यासाठी लाकडाचा तुकडा घेतलाही होता. माझ्या रिकाम्या भोकाशी धरून पाहिला आणि परत ठेवून दिला.

ताई अधूनमधून मला तेल लावते. पात्याला लावते, दातांना लावते आणि शेवटी चिंधीचे टोक पिळून त्या रिकाम्या भोकात फिरवते. काल तिचे पॉलिशचे काम चालू होते. दाजी उठले, त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि तेलाची वाटी स्वतः घेतली. पात्याला तेल लावायचे ते विसरलेच. भोकातला गंज मात्र त्यांनी बोटाने चाचपून चाचपून काढला.

मित्रांनो, कोण जिंकले, कोण हरले आणि आता काय होणार, हे मला विचारू नका. मी करवत आहे, मला लाकडातले कळते. दात बोथट झाले तर कानस आहे. पाते वाकले तर ठोकून सरळ करता येते. पण भोक गंजून बुजले, तर मूठ परत आली तरी बसायची नाही. तुमच्याही घरात कोणी रागावून आपली जागा रिकामी करून गेले असेल. तिथे घाईने दुसरे काही ठोकू नका. तेवढी जागा तेल लावून ठेवा.