फाट्यावर उतरणारी काशीबाई

"कोण उतारला रे?" मागून रोझाबाईंनी विचारलं.

गाडी फाट्यावर क्षणभरच थांबली होती. इतका वेळ दबलेली तिची मागची बाजू एकदम हलकी होऊन वर आली. गाडी चालवणाऱ्या विनीतने आरशात पाहिलं. आत शाळेतल्या रोझाबाई एकट्याच होत्या. शेजारच्या रिकाम्या सीटवर पाण्याचं वर्तुळ होतं, बर्फातल्या मासळीच्या पाटीखाली उमटतं तसं.

"कोण नाय, बाई," विनीत म्हणाला.

काशीबाईला जाऊन महिना झाला होता. तारकर्लीची मासळी घेऊन ती बारा वर्षं याच गाडीने कणकवलीच्या बाजारात जायची. हायवेवर टोलनाका झाला आणि विनीतने नाक्यापुढे माणशी दहा रुपये वाढवले, पाटीचे दहा वेगळे. त्याचीही ओढाताणच होती, गाडीचा हप्ता सुटत नव्हता. पण त्या वीस रुपयांत काशीबाईचं दुपारचं खाणं जायचं.

"माका हयसरच उतराव," नाक्याअलीकडचा हा फाटा आला की ती म्हणायची. "जुन्या वाटेन चलत जातंय."

उतरल्यावर मात्र दार धरून घटकाभर उभी राहायची. विनीतने 'बस' म्हटलं असतं तर बसली असती. मेल्याला तेवढं एक तोंड उघडायला काय झालं होतं, देव जाणे! तो आपला समोर बघत राहायचा.

एका दुपारी ती त्या रानवाटेवर पाटीशेजारी बसलेलीच सापडली. पाटीतला बर्फ केव्हाच वितळला होता.

रोझाबाईंनी विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही फाट्यावर गाडी तशीच हलकी झाली. विनीत खाली उतरला. मागचं दार उघडं होतं. त्याने ते ओढलं, तर लागेना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवलं होतं. सकाळचं स्वच्छ ऊन पडलं होतं आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं.

"काशीबाय," त्याला रडू आलं, "बस गो. पैशे नको माका. बाजारापर्यंत सोडतंय तुका."

आत बसलेल्या रोझाबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली.

दार थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्याच्या हातातून सुटून हळूच लागलं.

बसली असेल, म्हणून विनीत गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत राहिला. गाडी दबली नाही. जुन्या वाटेवरचा पाचोळा मात्र पावलापावलाने आत आत वाजत गेला.

पुढे नाक्यावर टोल कापला गेला, दांडा वर उचलला गेला. रोझाबाईंनी वाढीव दहाची नोट पुढे केली.

"ऱ्हवांदे, बाई," विनीत म्हणाला. मागची सीट कोरडी होती.